एकदा चाललं, म्हणून काय झालं?

इमारतीतलं इंटरनेट गेलं की बोरीवलीत दोन आवाज हमखास येतात. पहिला प्रत्येक मजल्यावरून, "तुमच्याकडे आहे का हो?" दुसरा कस्टमर केअरला फोन लावून बसलेल्या माणसाचा, "हो, लाल लाइट... नाही, स्थिर नाही, लुकलुकतोय." वझिरा नाक्याजवळच्या आमच्या सोसायटीत यानंतर तिसराही एक आवाज येतो. चौथ्या मजल्यावरून हाफ पँटमधला एक माणूस जिन्याने धावत खाली येत असतो आणि ओरडत असतो, "रिस्टार्ट करू नका! कुणीही हात लावू नका!"

हे आमचे राऊटरकाका. वय पन्नाशीच्या अलीकडचं, म्हणजे खरं तर काका म्हणवून घेण्याची घाई नव्हती. पण लिफ्टमधल्या पोरांनी हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की मेंटेनन्सच्या बिलावर छापून यायचं तेवढं बाकी आहे.

"राऊटर बंद करून चालू करा" हा सल्ला सगळ्या देशाला तोंडपाठ आहे. काकांच्या लेखी तो गुन्हा आहे. त्यांचं म्हणणं असं की राऊटर कशामुळे आडवा पडला याची नोंद तो स्वतःच ठेवत असतो. त्या नोंदीला लॉग म्हणतात. पण घरगुती राऊटरमध्ये हा लॉग बहुतेक वेळा तात्पुरत्या मेमरीत असतो, आणि स्विच बंद केला की सगळा पुसला जातो. "खून पडलाय घरात, आणि तुम्ही पंचनाम्याच्या आधी फरशी पुसून मोकळे!" असं ते दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना म्हणाले होते. आजी म्हणाल्या, "अरे, पण सुरू झालं ना?"

"सुरू झालं तेच वाईट झालं, आजी. आता ते परत कधी बंद पडणार, हे कळायचं कसं?"

आजींनी त्यांना आत बसवून कोकम सरबत दिलं. मे महिना होता, उन्हाचा त्रास झाला असेल असं त्यांना वाटलं.

काकांची नोकरी मालाडच्या माइंडस्पेसमधली. एकसर स्टेशनवरून मेट्रो पकडतात आणि मालाडला उतरतात. कामाचं स्वरूप असं, की परदेशातल्या कंपन्या राऊटर बनवतात, त्या राऊटरच्या पोटात एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिला फर्मवेअर म्हणतात, तिच्यात दर थोड्या दिवसांनी सुधारणा होतात, आणि ती सुधारणा तुमच्या-आमच्या घरी यायच्या आधी तिचा जितका म्हणून छळ करता येईल तितका काकांनी करायचा. हे सगळं हाताने करायचं तर माणूस वेडा होईल. म्हणून छळही आपोआप होतो. काका फक्त छळाचा कार्यक्रम लिहून देतात.

त्यांची लॅब मी एकदा पाहिली आहे. लोखंडी रॅकवर ओळीने राऊटर मांडलेले. प्रत्येकाचं झाकण काढलेलं, आणि आतल्या बोर्डाला तीन बारीक वायरी लावलेल्या. एक राऊटर काय बोलतो ते ऐकायला, एक त्याला आज्ञा द्यायला आणि एक ग्राउंडची. पलीकडे रिलेंचा बोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने चालू-बंद होणारे स्विच. खोलीत कुणी नव्हतं आणि तरी टिक, टिक, टिक असा आवाज चालला होता. रिले एकेका राऊटरची वीज तोडत होता आणि परत देत होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"अपडेट चालू असताना लाइट गेली तर काय होतं, ते बघतोय."

"मग एकदा बघून झालं की!"

काकांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला खुर्ची शोधावीशी वाटली. "एकदा चाललं, म्हणून काय झालं? अपडेट लिहिला जायला समजा तीन मिनिटं लागतात. लाइट पहिल्या सेकंदाला जाऊ शकते, दुसऱ्या सेकंदाला जाऊ शकते, एकशे ऐंशीव्याही जाऊ शकते. प्रत्येक सेकंदाला एकदा तोडायची. मग तेच सगळं दुसऱ्या मॉडेलवर. मग राऊटर गरम असताना. मग त्याच्यावर वीस फोन जोडलेले असताना."

चांगल्या राऊटरमध्ये फर्मवेअरसाठी दोन जागा असतात, हे मला त्या दिवशी कळलं. चालू असलेलं एका जागी, नवं येणारं दुसऱ्या जागी. नवं पूर्ण उतरलं, त्याची सही तपासून झाली, त्यावर राऊटर धड उठला, की मगच जुन्याला सुट्टी. मध्येच काही बिनसलं तर राऊटर गपचूप जुन्यावर परत जातो. स्वस्तातल्या राऊटरमध्ये ही चैन नसते. तिथे जुनं पुसूनच नवं लिहितात, आणि त्याच वेळी लाइट गेली की राऊटर ना जुना राहतो ना नवा होतो. तो ना उठतो, ना बोलतो. त्याला या धंद्यात 'ब्रिक झाला' म्हणतात. काकांच्या घरी शोकेसमध्ये अशा विटांची उतरंड आहे. काकू म्हणतात, "एवढ्या विटा जमवल्यात, आता एखाद्या विठोबाचं बघा. पंढरपूरचं रिझर्वेशन वाचेल."

या धंद्याचा इतिहास काका कीर्तनकाराच्या तयारीने सांगतात. एकसरला मेट्रोत बसायला जागा मिळाली की पूर्वरंग सुरू होतो. २००२च्या अखेरीस लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४जी हा निळ्या-काळ्या रंगाचा राऊटर बाजारात आला. लोकांनी उघडून बघितलं तर आत लिनक्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम! लिनक्सचा परवाना असा की ते वापरून वस्तू विकली तर बदललेला प्रोग्रॅम लोकांना दाखवावा लागतो. लोकांनी तगादा लावला आणि २००३ साली कंपनीला तो खुला करावा लागला. त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी नावाचं खुलं फर्मवेअर जन्माला आलं, आणि ज्याला त्याला आपल्या राऊटरमध्ये हात घालता येऊ लागला. "आणि हात घालता येतो म्हटल्यावर," काका म्हणतात, "बिघडवताही येतो. तिथून आमची भाकरी सुरू झाली."

उत्तररंगात मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिम येतात. ओपनसुसे नावाची लिनक्सची एक जात आहे, त्या मंडळींनी ओपनक्यूए नावाचं एक यंत्र केलं, फेडोरा या दुसऱ्या जातीवालेही तेच वापरतात. ते यंत्र आभासी कॉम्प्युटरवर सिस्टिम कोरी करकरीत बसवतं, स्वतःच की-बोर्डची बटणं दाबतं, स्वतःच पडद्याचा फोटो काढतं आणि जे दिसायला हवं होतं ते दिसलं का, हे साठवलेल्या चित्राच्या तुकड्याशी ताडून बघतं. माणूस झोपलेला असतो, हे चालू असतं. लिनक्सच्या केर्नलचंही, म्हणजे गाभ्याचंही, तसंच. त्यात बदल झाला की केर्नलसीआय नावाची व्यवस्था तो जगभरच्या प्रयोगशाळांतल्या तऱ्हेतऱ्हेच्या बोर्डांवर चढवून 'उठतोय का बघ' करत राहते. हे सांगताना काकांचा आवाज कातर होतो. तोवर मालाड येतं, आणि समोर बसलेला माणूस, जो चुकून "वायफायला चांगलं काय?" एवढंच विचारून बसलेला असतो, तोही घाईघाईने मालाडला उतरतो. त्याला अंधेरीला जायचं असतं.

अशा माणसाच्या घरी इंटरनेट कसं असेल? आमच्या इमारतीतलं सर्वांत वाईट. कारण काकांच्या घरचा राऊटर कायम कुठल्या तरी कच्च्या बिल्डवर, म्हणजे अजून न मुरलेल्या फर्मवेअरवर असतो. लॅबमध्ये सगळं पास होतं, पण लॅबमध्ये घरची माणसं नसतात, असा त्यांचा सिद्धान्त आहे. लॅबमध्ये कुणी मायक्रोवेव्ह लावून त्याच वेळी मालिका बघत नाही. लॅबमध्ये कुणी राऊटरवर क्रोशाचा रुमाल घालून वर गणपतीची मूर्ती ठेवत नाही. काकूंनी ठेवली होती. राऊटर तापला, अपडेट अडकला, आणि काकांनी आनंदाने टाळी वाजवली. ही केस त्यांच्या यादीत नव्हती. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या एका राऊटरला क्रोशाचा रुमाल घातला गेला. परदेशातल्या कंपनीला त्याचं वर्णन 'हवा खेळू न देणारं सुती आच्छादन' असं कळवण्यात आलं.

काकूंना नाशिकच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलायचं असलं की त्या आधी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारतात, "अहो, आज कुठलं बिल्ड आहे?"

आतून उत्तर येतं, "काल रात्री बनलेलं, नाइटली."

हे ऐकून काकू चप्पल घालतात आणि फोन घेऊन आमच्याकडे येतात. आमच्या वायफायचा पासवर्ड त्यांच्या फोनमध्ये कायमचा आहे. आमचा राऊटर काकांनीच लावून दिलेला, त्यात मुरलेलं, तपासलेलं, कंटाळवाणं फर्मवेअर. "तुमच्याकडे बरं आहे बाई," त्या म्हणतात. "तुमच्याकडे काहीच होत नाही." काकांच्या धंद्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळायचं नाही, पण ते नेहमी शेजाऱ्याच्या घरी दिलं जातं.

चाचणीची ही सवय राऊटरपाशी थांबत नाही. एल. टी. रोडवर छत्री घ्यायला गेले, तर दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी ती उघड-मीट, उघड-मीट सुरू केली. दुकानदार बराच वेळ पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "साहेब, एवढ्या वेळा तर पाऊसही येत नाही." काका म्हणाले, "पाऊस एकदाच येतो हो. पण काडी नेमकी तेव्हाच मोडते." त्यांनी छत्री घेतली. तिच्या काड्या शाबूत आहेत. ती लोकलमध्ये विसरली गेली, कारण विसरण्याची चाचणी दुकानात करता येत नाही.

पण चेष्टा करणाऱ्यांनाही काका दोन वेळा भलतेच उपयोगी पडले आहेत. पहिली वेळ स्कूटरची. रात्री खालून एक स्कूटर चोरीला गेली. सीसीटीव्हीचं फुटेज काढलं. चोर टोपीसकट स्पष्ट दिसत होता. पण कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी १९७०, वेळ पहाटे पाच बेचाळीस.

हवालदारांनी मालकाला विचारलं, "स्कूटर कधीची?"

"दोन हजार एकोणीसची."

"मग सत्तर साली चोरीला कशी गेली?"

मालकाला स्वतःवरच संशय येऊ लागला. तेवढ्यात काका खाली आले आणि त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "साहेब, ही बऱ्याच यंत्रांची जन्मवेळ आहे. ही यंत्रं १ जानेवारी १९७०, ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. या रेकॉर्डरचा सेल संपलाय, त्यामुळे लाइट जाऊन आली की हा परत साडेपाचला जन्मतो. फुटेजमध्ये पाच बेचाळीस, म्हणजे लाइट आल्यावर बारा मिनिटांनी चोरी झाली. लाइट किती वाजता आली?" लिफ्ट अडकल्यामुळे वॉचमनने वहीत वेळ लिहून ठेवली होती, तीन वाजून दहा मिनिटं. "मग तीन बावीसला चोरी झाली," काका म्हणाले. हवालदारांनी ती वेळ लिहून घेतली. मग जाता जाता त्यांनी हळूच आपला मोबाइल पुढे केला आणि हा सारखा हँग का होतो, तेही विचारून घेतलं.

त्या दिवशी जमलेल्या गर्दीला काकांनी २०३८ची गोष्टही सांगून घेतली. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत हे सेकंद मोजायची जागा बत्तीस बिटांची असते, आणि ती १९ जानेवारी २०३८ रोजी भरते. आपल्या घड्याळात मंगळवार, सकाळचे आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं सात सेकंद. पुढच्या सेकंदाला ज्यांनी दुरुस्ती केलेली नाही अशी यंत्रं थेट डिसेंबर १९०१ मध्ये जातील. "आठ चव्वेचाळीस!" पहिल्या मजल्यावरचे जोशीबुवा नसलेले पण सगळ्यांना मुहूर्त काढून देणारे आजोबा म्हणाले. "ऐन गर्दीची वेळ! बोरीवली स्टेशनवर काय होईल?"

"काही नाही," कुणीतरी मागून म्हणालं. "एकोणीसशे एकमध्ये बसायला जागा मिळेल."

दुसरा प्रसंग चॅनेलचा. आमच्या इमारतीत प्रत्येक घरी वायफाय, आणि संध्याकाळी प्रत्येकाचं मंद. काकांनी मोबाइल घेऊन जिन्यात फेऱ्या मारल्या आणि जाहीर केलं की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, एक, सहा आणि अकरा. आणि अर्धी इमारत एकाच चॅनेलवर बोंबलते आहे. मग त्यांनी तक्ता केला. पहिला, चौथा आणि सातवा मजला, चॅनेल एक. दुसरा आणि पाचवा, चॅनेल सहा. तिसरा आणि सहावा, चॅनेल अकरा. पाचव्या मजल्यावरचे शेठ म्हणाले, "मने सात नंबर जोइए. आपडो लकी छे." काकांनी त्यांना अर्धा तास समजावलं की सातवर बसलात तर सहालाही त्रास आणि अकरालाही. शेठ ऐकेनात. मग काकांनी त्यांच्या नेटवर्कच्या नावातच सात आकडा घालून दिला आणि चॅनेल सहा ठेवला. शेठ खूश, इमारतही खूश. मुंबईत शांतता अशीच राखली जाते.

आता काकांचा आवडता दिवस सांगतो, १९ जुलै २०२४. त्या शुक्रवारी आपल्या घड्याळाने सकाळी नऊ एकोणचाळीसला क्राउडस्ट्राइक या सुरक्षेचं काम करणाऱ्या कंपनीने एक छोटा अपडेट सोडला. तासा-सव्वा तासात तो मागेही घेतला. पण तेवढ्यात जगभरचे सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले आणि उठेनात. विमानं थांबली. आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये उठवून, ती फाइल माणसाच्या हाताने काढावी लागली.

त्या दिवशी काका ऑफिसातून आले ते पेढे घेऊन. काकूंना वाटलं बढती झाली. "बढती कसली! पुरावा मिळाला!" पुढे त्या कंपनीने चौकशीचा अहवाल काढला, तो काकांनी छापून घेतला आणि पिवळ्या पेनने रंगवला. त्यातला त्यांचा आवडता भाग असा. प्रोग्रॅमला एकवीस रकाने अपेक्षित होते, त्याला मिळत होते वीस. मग हे चाचणीत कसं सापडलं नाही? कारण चाचणी करताना एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असं लिहिलेलं होतं. त्यामुळे तो रकाना कुणी उघडूनच बघितला नाही. "चाचणी झाली होती!" काका टेबलावर मूठ आपटून सांगतात. "आणि पासही झाली होती! चाचणी न करणारा परवडला. जो 'काहीही चालेल' लिहून पास करतो, त्याच्यापासून देवाने वाचवावं."

बरं, या माणसाला अपडेटचं वेड आहे की भीती, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. कुणी अपडेट टाळला की ते मे २०१८ची आठवण देतात. व्हीपीएनफिल्टर नावाच्या किड्याने निदान पाच लाख राऊटर आणि तसली यंत्रं पोखरली होती, आणि अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना सांगितलं होतं की राऊटर बंद करून चालू करा. "म्हणजे कस्टमर केअरचाच सल्ला की!" मी एकदा म्हणालो. "हो, पण त्याने किड्याचा वरचा भाग मरत होता, मूळ आत तसंच राहत होतं," काकांनी लगेच दुरुस्ती केली. "खरा उपाय नवं फर्मवेअरच." आणि कुणी उत्साहाने आल्या दिवशीच अपडेट दाबला की तेच काका कपाळावर हात मारतात, "पहिल्याच दिवशी? आधी दुसऱ्याच्या घरी बिघडू द्या ना!"

दुसऱ्याचं घर म्हणजे स्वतःचं घर, हे त्यांच्या बाबतीत वेगळं सांगायला नको.

असा माणूस सोसायटीच्या कमिटीवर निवडून येणं हा अपघातच होता. तीन जागांना तीनच अर्ज आले आणि त्यातला एक काकूंनी भरून ठेवला होता, रविवारी घरात शांतता मिळावी म्हणून. निवडून आल्याच्या पुढच्या रविवारी दुपारी दोन वाजता, अख्खी इमारत जेवून आडवी झालेली असताना, आगीचा भोंगा वाजला. लोक मिळेल त्या कपड्यांत खाली धावले. शेठ बनियनवर होते, पण हातात तिजोरीची किल्ली होती. आजींनी देवातला बाळकृष्ण आणि टीव्हीचा रिमोट घेतला होता. खाली मीटरबॉक्सजवळ काका स्टॉपवॉच धरून उभे.

"चार मिनिटं चाळीस सेकंद," ते म्हणाले. "वाईट. आता पंप."

आगीच्या पंपाचं बटण दाबलं. पंपाने एक दीर्घ सुस्कारा टाकला आणि गप्प बसला. सातव्या मजल्यावरचा नळ उघडला, त्यातून एक झुरळ बाहेर आलं. पाणी नाही.

सेक्रेटरी लालबुंद झाले. "असं कसं? आपला फॉर्म बी आहे!" महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली आगीची यंत्रणा धड आहे असा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावा लागतो, तो फॉर्म बी. सेक्रेटरींनी कपाटातून फाइल आणली. प्रत्येक वर्षाचा, प्रत्येक सहामाहीचा दाखला, शिक्क्यासकट. पंपाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'समाधानकारक'.

काकांनी फाइल चाळली आणि त्यांच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली. "एकविसावा रकाना," ते पुटपुटले. कुणाला काही कळलं नाही.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत यावर दीड तास चर्चा झाली. पंप दुरुस्त करण्याचा ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. उरलेला वेळ दुपारी दोनला भोंगा वाजवणं योग्य होतं का, यावर गेला. शेवटी एकमताने ठरलं, की यापुढे कोणतीही चाचणी कमिटीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय आणि सभासदांना सात दिवस आधी कळवल्याशिवाय करू नये. काकांनी एकच प्रश्न विचारला, "हा ठराव आगीला पाठवायचा का?" तो इतिवृत्तात घेतला गेला नाही.

यानंतर काही दिवस सेक्रेटरी आणि काका लिफ्टमध्ये भेटले की दोघेही मजल्यांचे आकडे वाचत. अबोला तुटला तो सेक्रेटरींच्या लॅपटॉपमुळे. रात्री अकरा वाजता त्यांनी काकांची बेल दाबली. पडद्यावर विंडोजचा मोठा अपडेट येऊन बसला होता, आणि याच लॅपटॉपमध्ये सोसायटीचे हिशेब.

"करू का हो अपडेट?"

"करा की. बॅकअप आहे?"

"म्हणजे काय! दर मार्चला घेतो. पाच वर्षांचा आहे." सेक्रेटरींनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्याला लाल दोरा बांधलेला होता.

"कधी उघडून बघितला?"

"बॅकअप कोण उघडून बघतं? घेतला म्हणजे झालं."

काकांनी पेनड्राइव्ह लावला. आत पाच फोल्डर, पाच वर्षांची नावं. प्रत्येकात एकच फाइल, 'सोसायटी हिशेब', आणि तिच्या चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण. तो शॉर्टकट होता. सेक्रेटरींनी पाच वर्षं डेस्कटॉपवरचं चिन्ह निगुतीने कॉपी करून ठेवलं होतं. हिशेब एकाही वर्षी हललाच नव्हता. सेक्रेटरी सोफ्यावर बसले. काकूंनी काही न विचारता चहा टाकला. रात्री एक वाजेपर्यंत काकांनी खरे हिशेब शोधून दोन ठिकाणी उतरवून घेतले, दोन्ही ठिकाणी ते सेक्रेटरींकडूनच उघडून घेतले, बेरजा जुळतात का ते बघायला लावलं आणि मग म्हणाले, "आता दाबा अपडेट."

तो सुरळीत झाला. काकांचा चेहरा थोडा उतरला, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

पुढच्या सोमवारी बोर्डावर सोसायटीच्या शिक्क्यासह नोटीस लागली. "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता आगीचा पंप, भोंगा, लिफ्टचा अलार्म, जनरेटर व हिशेबाचा बॅकअप यांची चाचणी घेण्यात येईल. सभासदांनी घाबरून जाऊ नये. सेक्रेटरी." खाली निळ्या बॉलपेनने, ओळखीच्या तिरक्या अक्षरात एक ओळ वाढवलेली होती. "ही नोटीस वाचली असल्यास सही करावी. न वाचणाऱ्यांनीही करावी, म्हणजे सहीवर किती विश्वास ठेवायचा ते कळेल."

संध्याकाळपर्यंत सगळ्या सभासदांच्या सह्या झाल्या होत्या. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचीही होती, आणि ते कुटुंब दोन आठवड्यांपासून गावी गेलेलं होतं.